आयरिश गोष्टी घरी आणायला स्वीडनला का जावं लागलं?



आजचा विषय ऐकून काहींना कोडं पडलं असेल. परदेशी शिकायला गेलेला माणूस घरी येताना पदवी आणतो, कधी नवी भाषा आणतो. पण स्वतःच्याच देशाच्या गोष्टी परदेशातून घरी कशा आणायच्या? त्या तर घरीच असतात ना?

१९२८ साली डब्लिनच्या विद्यापीठातले एक तरुण अध्यापक नेमके यासाठी घराबाहेर पडले. इंग्रजीत त्यांचं नाव जेम्स हॅमिल्टन डिलार्गी, आयरिश भाषेत शेमस ओ दिलर्गा. आयर्लंडच्या गोष्टी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, चुलीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी होत्या. आणि हे गृहस्थ निघाले स्वीडनला. आज आपण हे समजून घेणार आहोत, की ते तिकडे का गेले, येताना काय घेऊन आले, आणि ते आणलं नसतं तर काय झालं असतं.

आधी या गोष्टी म्हणजे काय ते पाहू. आयरिश भाषेत लोकपरंपरेला ‘बेअलिजस’ असा शब्द आहे. ‘बेअल’ म्हणजे तोंड आणि ‘इजस’ म्हणजे शिकवण. तोंडाने दिलेली शिकवण. आपला ‘मुखोद्गत’ हा शब्द इथे जवळचा वाटतो. सांगणाऱ्यांतही दोन प्रकार मानले जात. ‘श्केली’ म्हणजे लांबलचक वीरकथा, अद्भुतकथा सांगणारा. एकेक गोष्ट रात्रभर चालायची, कधी दुसऱ्या रात्रीवरही जायची. दुसरा ‘शानखी’. हा गावाच्या आठवणी, भुतंखेतं, घराण्यांच्या हकिकती, कुठल्या विहिरीला कुठल्या संताचं नाव कसं पडलं, असं सांगणारा. लांब गोष्टींचा हंगाम ठरलेला असे. पीक घरात आलं की सुरुवात आणि मार्चच्या मध्याला समाप्ती. वेळ रात्रीची. दिवसाढवळ्या वीरकथा सांगणं चांगलं नाही, असं मानत.

नमुना म्हणून एक गोष्ट थोडक्यात सांगतो. आयर्लंडभर ती अनेक रूपांत सापडते. तिचं नावच आहे ‘ज्याच्याकडे गोष्ट नव्हती असा माणूस’.

टोपल्या विणणारा एक जण वेताच्या काड्या कापायला लांब रानात जातो. रात्र होते, धुकं पडतं. एका घरात उजेड दिसतो. म्हातारा-म्हातारी त्याला आत घेतात, जेवू घालतात आणि म्हणतात, “आता एखादी गोष्ट सांग.” तो म्हणतो, “मला एकही गोष्ट येत नाही, जन्मात कधी सांगितलेली नाही.” म्हातारी म्हणते, “मग निदान विहिरीवरून पाणी तरी आण.” तो विहिरीपाशी जातो, तोच वारा त्याला उचलून भलतीकडे नेऊन टाकतो. तिथल्या घरात मयत झालेलं असतं. याला सारंगीसारखं वाद्य कधी धरताही आलेलं नाही, पण ते वाजवायला लावतात. पाद्री मिळत नाही म्हणून प्रार्थना म्हणायला लावतात. शवपेटी उचलणाऱ्या चौघांत एक फार उंच निघतो, तर याच्या हाती सुरी देऊन त्याचे पाय कापून बेताचे करायला सांगतात! शेवटी पुन्हा वारा येतो आणि हा विहिरीपाशी परत. घरात गेल्यावर म्हातारा हसून म्हणतो, “आता कुणी गोष्ट विचारली, तर सांगायला तुझ्याकडे एक आहे.”

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अडचण कुठे होती ते पाहू. या गोष्टी मुख्यतः आयरिश भाषेत होत्या आणि ती भाषाच पायाखालून सरकत होती. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. सगळ्यांत जास्त मार बसला तो पश्चिमेकडच्या गरीब, आयरिश बोलणाऱ्या भागाला. १८५१ च्या जनगणनेत आयरिश बोलणारे १५ लाखांहून थोडे अधिक होते. १८९१ मध्ये ते ७ लाखांच्या आत आले. म्हणजे चाळीस वर्षांत निम्म्याहून कमी. आईबाप मुलांना मुद्दाम इंग्रजी शिकवू लागले, कारण मुलाला उद्या बोस्टनला नाहीतर लिव्हरपूलला जायचंय. यात त्यांना दोष कसा द्यायचा? पण परिणाम असा झाला की गोष्ट सांगणारा आजा घरात होता आणि ती कळणारा नातू नव्हता.

केरी परगण्यात समुद्रावरच्या चढावर किल रिअलिग नावाची छोटी वस्ती होती. तिथे शॉन ओ कोनिल राहत. जन्म १८५३ चा. शेती आणि मासेमारी करत, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, लिहितावाचता येत नाही, भाषा फक्त आयरिश. आपल्या टापूबाहेर ते फारसे कधी गेलेच नव्हते. डोक्यात मात्र गोष्टींचं अख्खं भांडार. त्यांच्याबद्दल डिलार्गींनी लिहून ठेवलं आहे, की ऐकणारे कमी झाले तेव्हा गोष्टी विसरू नयेत म्हणून ते एकटेच त्या मोठ्याने म्हणत. गुरं राखताना म्हणत, गाडीच्या मागून चालताना हातवाऱ्यांसकट म्हणत. ऐकायला कुणी नाही आणि माणूस गोष्ट सांगतोय. संस्कृती बुडते म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, ते यात दिसतं.

मग प्रश्न येतो, की याआधी कुणी या गोष्टी गोळा केल्याच नव्हत्या का? केल्या होत्या. आणि गंमत अशी की तेव्हाही त्या परदेशी जाऊन परत येत होत्या. १८२५ मध्ये क्रॉफ्टन क्रोकर यांनी आयर्लंडच्या दक्षिण भागातल्या परीकथांचं इंग्रजी पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी, होय तेच ग्रिम बंधू, त्याचं जर्मन भाषांतर केलं आणि वर लांबलचक प्रस्तावना लिहिली. मग क्रोकर यांनी ती प्रस्तावना इंग्रजीत आणून आपल्या पुढच्या भागात छापली. १८८७ मध्ये जेरेमाया कर्टिन आले. आयरिश आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेले हे गृहस्थ दुभाष्यांच्या मदतीने गोष्टी टिपून गेले आणि १८९० मध्ये त्यांचं पुस्तक आलं.

त्याच १८९० साली डग्लस हाइड यांनी आपल्या गोष्टींचं पुस्तक काढलं. हेच हाइड पुढे १९३८ मध्ये आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी आधीच्या संग्राहकांबद्दल स्पष्ट तक्रार केली. गोष्ट कुणी सांगितली? कुठे सांगितली? मूळ शब्द काय होते? यातलं बहुतेक काही तुम्ही दिलेलं नाही. गोष्टीला हवा तसा रंग दिलात, आणि ज्याची गोष्ट त्याचं नावही नाही. आमच्या मते आजच्या विषयाची खरी किल्ली या तक्रारीत आहे. गोष्ट छापून आली म्हणजे ती घरी आली असं होत नाही. सांगणाऱ्यापासून तुटलेली गोष्ट अजून परदेशातच असते, मग ती डब्लिनमध्ये छापलेली का असेना.

डिलार्गी हे या हाइड यांचेच विद्यापीठातले सहायक. जन्म १८९९, उत्तरेकडच्या अँट्रिम परगण्यातला. आयरिश पक्की करायची म्हणून १९२३ मध्ये ते केरीला गेले आणि तिथे त्यांना शॉन ओ कोनिल भेटले. पुढची आठ वर्षं, म्हणजे १९३१ मध्ये ओ कोनिल वारले तोपर्यंत, सुट्टी मिळाली की डिलार्गी किल रिअलिगला हजर. दिव्याच्या उजेडात, हाताने, शब्द न् शब्द उतरवून घ्यायचा. १९२७ मध्ये लोकपरंपरेसाठी एक मंडळ निघालं, ‘बेअलिजस’ याच नावाचं नियतकालिक निघालं आणि डिलार्गी त्याचे संपादक झाले. इथपर्यंत उत्साह होता, भाषा होती, गोष्टीही होत्या. नव्हती ती रीत. एक माणूस एका म्हाताऱ्याचं ऐकून घेईल. अख्ख्या देशाचं कसं ऐकायचं? ऐकलेलं ठेवायचं कसं? ठेवलेलं पुन्हा सापडणार कसं?

आणि ही रीत जाणणारी माणसं उत्तर युरोपात होती. त्यांतले काही तर आधीच आयर्लंडच्या दारात येऊन गेले होते. १९०७ मध्ये नॉर्वेचे कार्ल मार्स्ट्रँडर हे भाषापंडित ग्रेट ब्लास्केट बेटावर जाऊन राहिले आणि टोमास ओ क्रोहन या बेटकरी कोळ्याकडून आयरिश शिकले. बेटावरचे लोक त्यांना ‘व्हायकिंग’ म्हणत! त्यांच्याकडून धडे घेऊन रॉबिन फ्लॉवर हे ब्रिटिश म्युझियममधले इंग्रज विद्वान १९१० मध्ये त्याच बेटावर गेले आणि पुढे वर्षानुवर्षं जात राहिले. स्वीडनमधल्या लुंडचे कार्ल विल्हेल्म फॉन सिडो यांनीही आयरिश शिकून आयर्लंडच्या वाऱ्या केल्या होत्या. चित्रपट पाहणाऱ्यांसाठी सांगतो, बर्गमनच्या सिनेमांतले अभिनेते मॅक्स फॉन सिडो हे यांचे चिरंजीव. तर या फॉन सिडोंच्या ओढीने डिलार्गी १९२८ मध्ये लुंडला गेले. काही महिन्यांच्या त्या मुक्कामात ते स्वीडिश शिकले आणि बाल्टिक समुद्राभोवतीच्या देशांतले संग्रह पाहत हिंडले.

तिथे त्यांनी काय पाहिलं असेल? हेलसिंकीत फिनलंडच्या साहित्य मंडळाचा संग्रह होता. ते मंडळ १८३१ पासून चालू. एस्टोनियात तार्तूला लोकपरंपरेचा संग्रह नुकताच, १९२७ मध्ये, सुरू झाला होता. उप्सालाला १९१४ पासून बोली आणि लोकजीवनाचं दप्तर होतं. हे सगळे छोटे देश. फिनलंड आणि एस्टोनिया तर नुकतेच स्वतंत्र झालेले, आयर्लंडसारखेच. ज्यांना शेजारच्या मोठ्या सत्तेने वर्षानुवर्षं अडाणी म्हणून हिणवलं, त्या लोकांनी आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडचं सगळं नीट पेट्यांत, कपाटांत, विषयवार लावून ठेवलं होतं. आमच्या समजुतीप्रमाणे डिलार्गींना तिथे नुसती पद्धत मिळाली नाही. आपल्या घरी जे आहे ते जगाच्या बाजारात किती मोलाचं आहे, हेही तिथेच लख्ख दिसलं असणार.

परतल्यावर त्यांनी सरकारच्या मागे लकडा लावला. १९३० मध्ये एक छोटी संस्था झाली आणि १९३५ मध्ये सरकारी मदतीने आयरिश लोकपरंपरा आयोग स्थापन झाला. लगेच दुसरा माणूस स्वीडनला धाडला. शॉन ओ सूलवॉन, केरीतले, पेशाने प्राथमिक शिक्षक. तीन महिने ते स्वीडनमध्ये लुंड आणि उप्सालाच्या पद्धती शिकले आणि परत येऊन आयोगाचे दप्तरदार झाले. उप्सालाची विषयवार मांडणी त्यांनी आयर्लंडला बेतून घेतली. घर आणि वस्ती, पोटापाण्याचे धंदे, दळणवळण आणि व्यापार, माणसाचा जन्म ते मृत्यू, निसर्ग, औषधं, सणवार, समजुती, इतिहासाच्या आठवणी, गोष्टी, खेळ, असे एकूण १४ विभाग. १९४२ मध्ये यातूनच त्यांचं जवळपास ७०० पानांचं मार्गदर्शक पुस्तक तयार झालं. ते पुस्तक म्हणजे बहुतांशी प्रश्नांची यादीच आहे. म्हाताऱ्या माणसापुढे बसल्यावर काय काय विचारायचं याची यादी. चांगला प्रश्न पडणं हे अर्धं काम असतं, हे आपल्यापैकी ज्यांनी कधी आजीला बोलतं करायचा प्रयत्न केलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

आयोगाने पूर्णवेळ संग्राहक नेमले. माणसं त्याच भागातली, तीच बोली बोलणारी. बरेचसे सायकलवरून फिरत. सोबत एडिफोन नावाचं जड यंत्र, मेणाच्या नळकांड्यांवर आवाज कोरणारं. संग्राहक आवाज भरून घेई, घरी येऊन शब्दशः लिहून काढी आणि रोज रोजनिशी लिही. सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव, गोष्ट त्याने कुणाकडून आणि सुमारे कधी ऐकली, हे सगळं नोंदवायचं. हाइड यांची तक्रार आठवली ना? पंचेचाळीस वर्षांनी तिला उत्तर मिळालं. ब्लास्केटच्या पेग सेयर्स यांचंच पाहा. त्यांच्याकडून शोसेफ ओ डाली या संग्राहकाने सुमारे साडेतीनशे गोष्टी आणि आख्यायिका उतरवून घेतल्या. १९५३ मध्ये ते बेट कायमचं रिकामं झालं. शेवटचे रहिवासी मुख्य भूमीवर आणावे लागले. गोष्टी तेवढ्या आधीच किनाऱ्याला लागल्या होत्या.

१९३७ मध्ये आणखी एक मोठी गोष्ट झाली. आयोगाने शिक्षण खात्याला आणि शिक्षकांच्या संघटनेला सोबत घेतलं आणि प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना काम दिलं. निबंधाच्या तासाला निबंध लिहू नका. घरी जा, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि ते लिहून आणा. १९३९ पर्यंत सुमारे ५,००० शाळांनी भाग घेतला, किमान ५०,००० मुलांनी लिहिलं, आणि त्यातून जवळपास ७ लाख ४० हजार पानं जमली. दूरदेशी शिकलेली पद्धत अकरा-बारा वर्षांच्या पोरांच्या वहीत उतरली आणि त्या पोरांनी ती घरातल्या चुलीपाशी नेली. गोष्ट घरी आणणं म्हणतात ते हेच, असं आम्हाला वाटतं.

अर्थात, एकाच बाजूने बोलून चालणार नाही. जी रीत बाहेरून आली तिने काही गोष्टी पकडल्या आणि काही निसटू दिल्या. मेणाची नळकांडी महाग होती, म्हणून मजकूर उतरवून झाला की त्यांचा वरचा थर तासून तीच पुन्हा वापरत. शब्द राहिले, पण बहुतेकांचे आवाज गेले. कुठे दम घेतला, कुठे हसू आलं, ते कागदावर येत नाही. पूर्णवेळ फिरणारे संग्राहक सगळे पुरुष. त्यामुळे बायका बायकांत जे बोलत, बाळंतपणाचं, दुखण्याखुपण्याचं, ते सगळंच त्यांच्यापुढे बोललं गेलं असेल असं नाही. भर राहिला तो पश्चिमेकडच्या आयरिश बोलणाऱ्या खेड्यांवर. शहरातल्या गल्लीबोळांच्या वाट्याला फार कमी आलं. शाळांच्या वह्यांनी ही उणीव काही प्रमाणात भरून काढली, कारण त्या देशभरातून आल्या आणि पुष्कळशा इंग्रजीतही होत्या. हे सांगायचं अशासाठी, की पद्धत आणली की तिच्याबरोबर तिचे डोळेही येतात. ते डोळे काय पाहत नाहीत हे तपासत राहावं लागतं.

आता यात आपला संबंध कुठे येतो? एक धागा अगदी सरळ आहे. फिनलंडचे आन्ती आर्ने यांनी १९१० मध्ये जगभरच्या लोककथांना क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली. स्टिथ थॉम्पसन या अमेरिकन अभ्यासकांनी ती वाढवली. सावत्र आईच्या जाचातल्या मुलीची गोष्ट म्हटली की क्रमांक ५१०, मग ती कुठल्याही देशातली असो. याच पद्धतीने भारतीय उपखंडातल्या मौखिक कथांची सूची थॉम्पसन आणि वॉरेन रॉबर्ट्स यांनी १९६० मध्ये काढली. आणि आयरिश कथांची सूची ओ सूलवॉन यांनी नॉर्वेच्या राइडार क्रिस्टियानसेन यांच्याबरोबर १९६३ मध्ये काढली. त्या सूचीत कथांची चाळीस हजारांहून अधिक रूपं नोंदलेली आहेत. या दोन्ही सूच्या हेलसिंकीच्या एकाच ग्रंथमालेत छापल्या गेल्या. म्हणजे केरीची गोष्ट आणि आपल्याकडची गोष्ट एकाच फडताळात शेजारी शेजारी बसल्या आहेत.

दुसरा धागा आजचा आहे. आज आपल्याकडची कितीतरी मुलं डब्लिन, कॉर्क, गॉलवेला शिकायला जातात. त्यातल्या कुणाला या गोष्टींचा नाद लागला, तर सोय मोठी आहे. आयोगाचं काम १९७१ मध्ये डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजकडे गेलं. तो संग्रह २०१७ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत आला. शाळांच्या वह्या ‘दूखस’ या संकेतस्थळावर पानोपान पाहता येतात. हस्ताक्षरातला मजकूर टंकित करायचं काम सामान्य लोक फावल्या वेळात करतात, आणि त्या उपक्रमाचं नाव आहे ‘मेहल’. मेहल म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून एकाच्या शेतात काम करायचं, उद्या दुसऱ्याच्या. आपली इर्जिकच की!

तेव्हा परतणाऱ्या मुलांना आमचं सांगणं एवढंच, की चार परीकथा मराठीत करून आणा, जरूर आणा. पण आणताना हाइड यांचे प्रश्न सोबत ठेवा. सांगणारा कोण, गाव कुठलं, कधी नोंदवली, मूळ भाषा कोणती, मधे भाषांतर कुणाचं. हे दिलं नाही तर आपणही तेच करू, ज्याबद्दल हाइड चिडले होते. आणि गोष्टींबरोबर ती प्रश्नांची यादीही आणा. टोपल्या विणणारा तो माणूस विहिरीपर्यंत गेला म्हणून त्याला गोष्ट मिळाली, हे खरं. पण त्या रात्री त्याला गोष्ट विचारणारं घर होतं, म्हणून ती सांगितली गेली. शॉन ओ कोनिल यांच्याकडे गोष्टी शेकड्यांनी होत्या. कमी होतं ते विचारणारं कुणीतरी.

आपल्या घरात, नात्यात, शेजारी ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर या आठवड्यात तासभर त्यांच्यापाशी बसा. फोनवर आवाज भरून घ्या, हल्ली नळकांडं तासायची गरज नाही. आधी त्यांना विचारा, भरून घेतलं तर चालेल का. मग सुरुवातीला त्यांचं नाव, वय, गाव आणि तारीख बोला. गोष्ट संपली की एक प्रश्न नक्की विचारा: “ही तुम्ही कुणाकडून ऐकलीत?” बऱ्याचदा दुसरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ या.